डिग्री वाया गेली का?

गेल्या वर्षी एका शाळेनं मला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. मी लष्करातून निवृत्त झालेला माणूस. शाळांना वाटतं, फौजी आला की लढाईच्या गोष्टी सांगणार. मीही दोन-चार सांगितल्या. शेवटी 'कुणाला काही विचारायचंय का?' असं म्हटल्यावर मागच्या बाकावरची नववीतली एक मुलगी उभी राहिली.

"काका, तुम्ही इंजिनीअर आहात ना? मग फौजेत जाऊन तुमची डिग्री वाया नाही का गेली?"

सगळा वर्ग हसला. बाई तिला डोळ्यांनी दटावू लागल्या. मी तोंड उघडणार एवढ्यात घंटा झाली, आणि घंटा झाल्यावर कुणी ऐकत नाही हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक! पण तिचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला विचारला होता. त्याचं उत्तर आज इथं देतो.

माझे वडील मिस्त्री होते. सरकारी कामांवर मजूर घेऊन मोऱ्या बांधायच्या, रस्त्याच्या कडेच्या भिंती उचलायच्या, हे त्यांचं काम. स्वतः सातवी शिकलेले. मी कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात 'सिव्हिल'ला गेलो, तेव्हा त्यांनी सगळ्या आळीत पेढे वाटले होते. पोरगा शिकून बांधकाम खात्यात साहेब होणार, जीपमधून साइटवर येणार, हे त्यांचं स्वप्न. आणि मी शेवटच्या वर्षाला असताना घरी येऊन सांगितलं, "दादा, मी फौजेचा फॉर्म भरलाय."

दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बंदूकच धरायची होती, तर चार वर्षं कागदावर पूल कशाला काढलेस?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगू? तेव्हा मलाच ते माहीत नव्हतं. मला रुबाबदार गणवेश आवडायचा, एवढंच.

इंजिनीअर झालेल्या मुलांसाठी लष्करात 'टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स' म्हणून एक वाट आहे. त्यासाठी आधी एस.एस.बी. नावाची मुलाखत द्यावी लागते. मुलाखत म्हणायची, पण चालते पाच दिवस! मानसशास्त्राच्या चाचण्या असतात, गटचर्चा असते, मैदानावरची कामं असतात. एका कामात आमच्या गटाला एक फळी, एक बल्ली आणि दोर दिला होता. समोर आखलेला 'नाला'. जमिनीला पाय न लावता सगळ्यांनी ओझ्यासकट पलीकडे जायचं. फळी नाल्यापेक्षा आखूड. मी आपला मनातल्या मनात गणितं करत उभा. तेवढ्यात शेजारचा बी.ए.वाला मुलगा म्हणाला, "अरे, तू इंजिनीअर ना? नुसता बघतोयस काय? बोल की!" तेव्हा कुठं माझ्या तोंडातून शब्द फुटला. बल्ली मागं दाबून धरायची, पुढचं टोक बाहेर काढायचं, त्याला फळी बांधायची. जमलं!

मनातलं गणित दुसऱ्यांच्या कामाला यायचं तर तोंड उघडावं लागतं. हा पहिला धडा तिथं मिळाला.

निवड झाली आणि १९८६ साली मी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत दाखल झालो. तिथं डिग्रीचं कौतुक कुणाला नव्हतं. पहाटे अंधारात उठा, धावा, लोळा, रांगा. कवायतीचे उस्ताद मोठ्यानं म्हणायचे, "इंजीनियर साब, पूल बाद में बनाना, पहले कदम मिलाओ!" वर्षभरानं खांद्यावर तारे लागले आणि मला कोअर ऑफ इंजिनीअर्समध्ये, म्हणजे सॅपर्समध्ये, पाठवण्यात आलं.

सॅपर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. फौजेला पुढं जाता यावं म्हणून रस्ते आणि पूल करायचे, पेरलेले सुरुंग काढायचे, आणि शत्रूला पुढं येता येऊ नये म्हणून सुरुंग पेरायचे, पूल उडवायचे, हे सॅपरचं काम. शांततेच्या काळात महापूर, भूकंप, दरड असं काही झालं की यांनाही बोलावणं येतं. आपल्या देशात सॅपर्सचे तीन जुने गट आहेत. मद्रास सॅपर्स बंगळूरला, बंगाल सॅपर्स रुडकीला आणि बॉम्बे सॅपर्स आपल्या पुण्याजवळ खडकीला. तिघांचं ब्रीद एकच : 'सर्वत्र'.

आम्हां नव्या अधिकाऱ्यांना शिकायला पाठवतात ते पुण्याला, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये. ही संस्था १९४३ साली रुडकीला सुरू झाली आणि १९४८ साली दापोडीला आली. तिथं माझी गाठ पडली बेली पुलाशी.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश इंजिनीअरनं हा पूल शोधून काढला. तुमच्याकडे 'मेकॅनो'चा खेळ असेल ना? तसाच हा मोठ्या माणसांचा मेकॅनो. लोखंडी चौकटी, त्यांना 'पॅनेल' म्हणायचं. प्रत्येक पॅनेल १० फूट लांब, ५ फूट उंच आणि वजन सुमारे २६० किलो. सहा माणसांनी उचलायचं, एकाला एक जोडायचं, मध्ये खिळी ठोकायच्या. क्रेन नको, वेल्डिंग नको.

गंमत पुढंच आहे. मध्ये नदी असताना हा पूल पलीकडे कसा न्यायचा? तुमची पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा आणि हळूहळू बाहेर ढकला. अर्ध्याहून जास्त बाहेर गेली की पडते, हो ना? आता मागच्या टोकावर खोडरबर ठेवा. पट्टी आणखी पुढं जाते, तरी पडत नाही. बेली पूल असाच एका काठावरून रुळांवर ढकलत नेतात. पुढं एक हलकं नाक जोडायचं आणि मागची बाजू जड ठेवायची. नाक पलीकडच्या काठाला टेकलं की जिंकलं! मग नाक सोडवून काढून घ्यायचं. पुस्तकातला तोल आणि गुरुत्वमध्य हाच. कॉलेजात तो आठ मार्कांचा प्रश्न होता. दापोडीला तो पावसात, रात्री, सहा जणांच्या खांद्यावर होता.

आता मुख्य गोष्ट. ती मी त्या शाळेत सांगितली नाही, कारण तीत माझी चूक आहे.

१९८९ सालचा पावसाळा. मी ईशान्येच्या डोंगरात एका तुकडीबरोबर होतो. एका रात्रीत ओढ्याला असा लोंढा आला, की रस्त्यावरचा जुना पूल वाहून गेला. पलीकडे आमची दोन ठाणी आणि चार-पाच गावं. धान्य, रॉकेल, औषधं सगळं अलीकडे अडकलेलं. हुकूम आला, बेली पूल टाका. आणि तो टाकायची जबाबदारी माझ्यावर. वय वर्षं चोवीस!

मी टेप लावून ओढा मोजला. हिशेब केला, ७० फुटांचा पूल पुरेल. प्रत्येक १० फुटांना दोन पॅनेल, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. म्हणजे १४ पॅनेल, शिवाय नाक. आमच्याकडे ४० पॅनेल होती. चैनच!

माझ्याबरोबर एक सुभेदारसाहेब होते. माण तालुक्यातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी काठावर टाच रोवली, ओली माती चिमटीत घेतली आणि मला बाजूला नेऊन हळूच मराठीत म्हणाले, "साहेब, ही माती इथली न्हाई. ह्यो भराव हाय. आपण दहा फूट मागं सरू या."

मी म्हणालो, "साहेब, दहा फूट मागं सरलो तर पूल ८० फुटांचा होतो. तेवढ्या लांबीला एकेरी पॅनेलवर भरलेले ट्रक जायचे नाहीत. दुहेरी लावावी लागतील. म्हणजे ३२ पॅनेल. वर नाकाला १०. झाली ४२. आपल्याकडे आहेत ४०. कसं जमायचं?"

"ते गणित तुमी बघा. पर माती धरायची न्हाई, एवढं मी सांगतो."

मी वही उघडून त्यांना आकडा दाखवला. पुस्तकात अशा मातीची ताकद दिलेली असते, तो आकडा. सुभेदारसाहेबांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हुकूम, साहेब," म्हणाले आणि कामाला लागले. फौजेत एकदा हुकूम झाला की वाद संपतो. म्हणूनच हुकूम देणाऱ्यानं आधी दहादा ऐकावं लागतं. मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पूल निम्म्यावर पोचला. आणि एकाएकी उजवीकडचा रूळ खचला. भराव भिजून लोण्यासारखा झाला होता. अख्खा पूल उजवीकडे कलला. रुळाखालचा लाकडी ठोकळा निसटला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका जवानाच्या पावलावर आला. त्याची किंकाळी मला आजही ऐकू येते.

सुभेदारसाहेब ओरडले, "पीछे खींचो!" चाळीस माणसांनी जीव खाऊन पूल मागं ओढला म्हणून तो ओढ्यात गेला नाही. जवानाला डॉक्टरांकडे पाठवलं. त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

मी ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. बाहेर धो धो पाऊस. हातपाय थरथरत होते. वाटलं, दादा म्हणत होते तेच बरोबर. आपण कागदावरचे इंजिनीअर.

थोड्या वेळानं केबिनचं दार उघडलं. सुभेदारसाहेब चहाचा मग घेऊन आत आले. आता ते म्हणणार, 'मी सांगितलं होतं.' पण ते म्हणाले, "साहेब, मागं खणून बघितलं. दहा फुटांवर खाली पक्की जमीन लागती. माती मी शोधून दिली. आता ४० पॅनेलात ८० फुटांचा पूल कसा करायचा, ते तुमी सांगा. ते मला यायचं न्हाई."

त्यांनी टॉर्च धरला आणि मी पुन्हा वही उघडली. सकाळी घाईत जे सुचलं नव्हतं, ते आता दिसलं. नाकाची १० पॅनेल कायमची थोडीच लागतात? पूल पलीकडे पोचला की नाक मोकळं होतं! म्हणजे आधी एकेरी पूल ढकलायचा : १६ पॅनेल आणि नाकाची १०, झाली २६. ढकलताना वर ट्रक नसतो, त्यामुळं एकेरी पुरतो. पलीकडे टेकल्यावर नाक सोडवायचं आणि त्याच पॅनेलनी जागच्या जागी पूल दुहेरी करायचा. एकूण लागतात ३२. आपल्याकडे ४०. जमतंय!

मग रुळांखालच्या जमिनीचा हिशेब केला. चिखलात नुसता पाय रुततो, पण फळी टाकली की माणूस चालत जातो. वजन तेवढंच, फक्त जास्त जागेवर पसरतं. आम्ही स्लीपरांचे आडवे-उभे थर दुप्पट रुंदीचे घातले. प्रत्येक आकडा मी तीनदा तपासला आणि सुभेदारसाहेबांना मोठ्यानं वाचून दाखवला. मध्येच ते म्हणायचे, "हितं वाईच जास्त धरा, पाणी अजून वाढंल." मी धरायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता पूल उभा राहिला. पहिल्या ट्रकमध्ये मी बसलो. माझा पूल, तर पहिला जीव माझा. सुभेदारसाहेब न सांगता शेजारी येऊन बसले. पुलाच्या फळ्या खडखडल्या, पॅनेल कुरकुरली, आणि चाकं पलीकडच्या मातीला लागली. तिथं गावातली पोरं पावसात नाचत होती. एका आजीबाईंनी आमच्या हातात भाजलेलं कणीस दिलं. तेवढं गोड कणीस मी पुन्हा खाल्लं नाही.

पुढं कमांडिंग ऑफिसरांनी विचारलं, "भरावावर पूल ठेवायचं कुणी ठरवलं?"

"मी, सर. सुभेदारसाहेबांनी सावध केलं होतं. मी ऐकलं नाही."

ते एवढंच म्हणाले, "जवानाला भेटून आलास?"

भेटून आलो होतो. तो पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचारत होता, "साब, पुल लग गया?" मला मान वर करवेना.

सुट्टीवर घरी गेल्यावर दादांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंगणातल्या पायरीकडे बोट केलं. ती पायरी मी दहावीत असताना खचली होती. घाईत भरावावर बसवलेली. "तेव्हाच सांगितलं होतं ना तुला, भरावावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून?" दादा म्हणाले. सांगितलं होतं! डिग्रीच्या चार वर्षांत मी ते विसरून गेलो होतो. त्यानंतर दादांनी पुन्हा कधी डिग्रीचा विषय काढला नाही. उलट पाहुण्यांना सांगायचे, "पोरगा फौजेत पूल टाकतो."

मित्रांनो, डिग्रीशिवायही केवढं मोठं काम होतं, याचं उदाहरण म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० साली साधे सैनिक म्हणून भरती झाले आणि पुढं सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरमध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, तेव्हा वाट सुरुंगांनी आणि तोडून टाकलेल्या झाडांनी अडलेली होती. वरून गोळीबार चालू. राणे जखमी झाले, तरी ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस वाट मोकळी करत राहिले. रणगाड्याच्या खाली राहून त्याच्याबरोबर सरपटत ते पुढं गेले आणि दोरी ओढून चालकाला इशारे देत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळालं, आणि ते जिवंतपणी मिळवणारे ते पहिले वीर. खडकीच्या याच सॅपर्सनी २०१७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर चेंगराचेंगरी झाल्यावर तिथं नवा पादचारी पूल उभारला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

आणि डिग्री किती कामाला येते, याचंही एक उदाहरण आहे. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडला मोठी दरड कोसळली. चूरलमलाचा पूल वाहून गेला, पलीकडे माणसं अडकली. मद्रास सॅपर्सच्या तुकडीनं तिथं १९० फुटांचा बेली पूल टाकला. २४ टन वजन पेलणारा. ३१ जुलैच्या रात्री काम सुरू झालं आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी पुलावरून वाहनं गेलीसुद्धा! त्या तुकडीत एक महिला अधिकारी होत्या : मेजर सीता शेळके. आपल्या नगर जिल्ह्यातल्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. लोणीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनीअर झालेल्या. एस.एस.बी.त दोनदा अपयश आलं, तिसऱ्यांदा निवड झाली. वर्तमानपत्रात त्यांचा पुलावरचा फोटो पाहिला आणि मला माझा तो पावसातला ट्रक आठवला.

तुमच्यापैकी कुणाला या वाटेनं जायचं असेल, तर थोडी माहिती देऊन ठेवतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलांना लष्कराच्या टेक्निकल एन्ट्री स्कीममधून जाता येतं. तिथं लष्करच तुम्हांला इंजिनीअर करतं. एन.डी.ए.ची वाट आहेच, आणि २०२२ पासून मुलींनाही ती खुली झाली आहे. इंजिनीअर झाल्यावर मुलांना टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, आणि मुलगे-मुली दोघांनाही शॉर्ट सर्व्हिस कमिशनची टेक्निकल शाखा. सिव्हिलवाल्यांनीच यावं असंही नाही. तोफा, रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणारी ई.एम.ई. आहे, संपर्कयंत्रणा सांभाळणारी सिग्नल्स आहे. नौदलाचे इंजिनीअर लोणावळ्याच्या आय.एन.एस. शिवाजीवर शिकतात, तर हवाई दलाला विमानं सांभाळायला इंजिनीअर लागतातच. नियम आणि वयाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचायची.

पण खोटं चित्र रंगवत नाही. कॉलेजात शिकलेली मोठमोठी समीकरणं मी फौजेत क्वचितच सोडवली. पुष्कळ दिवस तर पाण्याची टाकी गळतेय, डोझर बंद पडलाय, कुणाच्या घरून तार आलीय, कुणाला सुट्टी हवीय, यातच गेले. डिग्रीनं मला अडचण सुटी सुटी करून बघायला शिकवलं. आणि त्या ओढ्यानं शिकवलं, की हातात वही असली तरी आधी मातीला आणि माणसाला विचारायचं.

म्हणून मागच्या बाकावरच्या माझ्या छोट्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. डिग्री वाया गेली नाही. फक्त एक दिवस, वहीतल्या आकड्याच्या घमेंडीत, मी ती वाया घालवली होती, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पायानं मोजली. त्या जवानाला मी अजून दर दिवाळीला फोन करतो. तो त्याच्या गावी शेती करतो. दर वेळी तो हसून एकच विचारतो, "साब, वो पुल अभी भी है क्या?"

मी सांगतो, तिथं आता काँक्रीटचा पक्का पूल झालाय. आपली पॅनेल सोडवून दुसऱ्या ओढ्यावर गेली.

"अच्छा है," तो म्हणतो, "काम आ रही हैं."